कोलांट्या खाणाऱ्या रॉकेटचा आवर्तनकाळ दर वेळी वेगळा का येतो?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. सोमवारी संध्याकाळी एक जुनी रशियन रॉकेट बॉडी (कक्षेत राहिलेला रॉकेटचा रिकामा टप्पा) लखलखत डोक्यावरून गेली आणि दोन फ्लॅशमधलं अंतर, म्हणजे आवर्तनकाळ, १० सेकंद आलं. बुधवारी तीच बॉडी, तेच स्टॉपवॉच, तोच माणूस, आणि उत्तर आलं ९.१. शनिवारी २० च्या जवळपास. रविवारी तर एकही फ्लॅश न देता ती एकसारख्या मंद प्रकाशात निघून गेली. मग नवा निरीक्षक एक तर सगळ्या आकड्यांची सरासरी काढतो, नाही तर न पटलेले आकडे खोडून टाकतो.

कळकळीने सांगतो, यातलं काहीच करू नका. आकडे जुळत नाहीत तेव्हा ते कोणत्या पद्धतीने जुळत नाहीत, हे आधी बघा. एखादी चूक मोजणीची असते, एखादी ओळखीची. पण काही फरक खुद्द आकाशात असतात, आणि रॉकेटबद्दल सर्वांत मोलाची माहिती त्यांच्यातच दडलेली असते. सरासरी काढली की ती गेली.

फ्लॅश येतो कुठून

उपग्रह कक्षेत सोडून झाल्यावर रॉकेटचा रिकामा वरचा टप्पा तिथेच राहतो. त्याला सुकाणू नाही, वीज नाही. वेगळं होतानाचा धक्का आणि टाकीतून निसटणारं उरलंसुरलं इंधन यांनी तो फिरू लागतो. सुरुवातीला तो लांबीच्या अक्षाभोवती फिरत असला, तरी आतल्या हालचालींत ऊर्जा खर्च होत जाते आणि लांबट वस्तू शेवटी आडवी पडून, टोकावर टोक अशी कोलांट्या खाऊ लागते. अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहाने, एक्सप्लोरर-१ ने, १९५८ मध्ये हेच करून दाखवलं. तो लांबीच्या अक्षाभोवती फिरत राहील अशी योजना होती. त्याच्या लवचिक अँटेनांनी ऊर्जा खाल्ली आणि तो आडवा फिरू लागला.

आपल्याकडून सहज दिसणाऱ्यांत झेनिट-२ चा दुसरा टप्पा सर्वांत दणकट. सुमारे ११ मीटर लांब, ३.९ मीटर व्यासाचा. उपग्रहांच्या यादीत तो एसएल-१६ म्हणून येतो. असे डझनभराहून अधिक टप्पे सुमारे ८४० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी ७१ अंशांच्या कलाने फिरत आहेत. कॉसमॉस-३एम चा दुसरा टप्पा, म्हणजे एसएल-८, लहान आहे, साधारण ६ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद, पण संख्येने भरपूर. आपल्या पीएसएलव्हीचा चौथा टप्पा आखूड असल्यामुळे त्यासाठी बायनॉक्युलर हवाच. सगळे एकसारखे फिरत नाहीत, काही जवळजवळ स्थिर झालेले आहेत. त्यामुळे यादीत नाव आहे म्हणजे फ्लॅश मिळणारच, असं धरून चालू नका.

आता एक प्रयोग करा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा आणि चकचकीत स्टीलची पाण्याची बाटली हातभर पुढे धरा. बाटली आडवी असताना तिच्या अंगावर उन्हाची एक लांबट रेघ चमकते. आता तिचं बूड तुमच्याकडे, मग बाजू, मग तोंड तुमच्याकडे, मग पुन्हा बाजू अशी ती फिरवा. एका पूर्ण फेरीत रेघ दोनदा चमकते. म्हणजे एक कोलांटी, दोन फ्लॅश. आता तीच बाटली घड्याळाच्या काट्यासारखी फिरवा, म्हणजे तिची बाजू सतत तुमच्याकडेच राहील. रेघ विझतच नाही. बाटली तितक्याच वेगाने फिरते आहे, फ्लॅश मात्र नाही.

नियम असा. रॉकेटपासून सूर्याकडे जाणारी दिशा आणि रॉकेटपासून तुमच्याकडे येणारी दिशा, या दोहोंमधल्या कोनाचा दुभाजक मनात काढा. रॉकेटचा लांबट अक्ष या दुभाजकाला काटकोनात आला की फ्लॅश.

आधी हाताची मोजणी तपासा

९.१ हा आकडा पाहताक्षणी मला संशय येतो तो मोजणीचा. पहिल्या फ्लॅशला बटण दाबताना तोंडाने "एक" म्हटलं, अकराव्या फ्लॅशला थांबलो, १०० सेकंद झाले आणि १०० भागिले ११ केलं, की ९.०९ येतात. फ्लॅश अकरा असले तरी मधली अंतरं दहाच असतात. पहिल्या फ्लॅशला "शून्य" म्हणायची सवय लावा. जुन्या नोंदींत ही चूक शिरली आहे का, तेही ओळखता येतं. ती असेल तर छोट्या मोजणीचं उत्तर लहान आणि लांब मोजणीचं मोठं येतं. पाच अंतरांवरून ८.३, दहावरून ९.१, वीसवरून ९.५ अशी चढती भाजणी दिसली की रॉकेटला दोष देऊ नका.

हाताचा उशीर त्या मानाने फार छळत नाही. प्रत्येक वेळी तो साधारण सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत निघून जातो. दोन्ही टोकांना ०.२ सेकंदाची गफलत झाली, तरी ती चाळीस अंतरांत वाटली गेल्यावर एका अंतरामागे ०.०१ सेकंद उरते. पहिला फ्लॅश मात्र अनपेक्षित येतो, म्हणून त्याला बटण दाबू नका. एक-दोन जाऊ द्या, ताल पकडा, मग सुरू करा.

स्टॉपवॉचचं लॅप बटण वापरता आलं तर उत्तम, पण अंधारात फोनच्या पडद्याकडे बघितलं की डोळे दिपतात आणि पुढचा फ्लॅश हुकतो. माझ्या मते सर्वांत भरवशाची पद्धत आवाजाची. फोनवर व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून तो खिशात ठेवा आणि प्रत्येक फ्लॅशला चुटकी वाजवा किंवा "टक" म्हणा. शिवाय "आता रोहिणीजवळ", "हा मंद होता", "एक हुकला, ढग आला" हेही बोलून ठेवा. घरी आल्यावर ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये ती फाइल उघडली की प्रत्येक "टक" एका उभ्या काट्यासारखा दिसतो आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येते. व्हिडिओवर मोजणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. पुष्कळ फोन कमी उजेडात आपणहून फ्रेमचा वेग बदलतात, त्यामुळे फ्रेम मोजून वेळ काढली की हळूहळू घसरत जाते. फ्रेमचा वेग सेटिंगमध्ये ठरवून टाका.

दुप्पट किंवा निम्मं उत्तर

सोमवारचे १० आणि शनिवारचे २० यांत बहुधा भांडण नसतंच. उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलं, तर आधी बघा की कुठला फ्लॅश मोजला आणि कुठला सुटला. रॉकेटच्या दोन बाजू सारख्या नसतात. एकीकडचा रंग उडालेला, दुसरीकडे पाइपलाइन. त्यामुळे एक फ्लॅश ठसठशीत आणि पुढचा फिका, असा क्रम चालतो. पुण्यात गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला फक्त ठसठशीत दिसतात. शहराबाहेर वांगणीच्या अंधारात बायनॉक्युलर लावून बसलेल्याला दोन्ही दिसतात. दोघंही खरं सांगत असतात. म्हणून काय वापरलं, आकाश कसं होतं आणि फ्लॅश एकाआड एक मंद होते का, एवढं आकड्याशेजारी लिहिलंच पाहिजे.

कधी अंतरं ४.२, ५.८, ४.२, ५.८ अशी आलटून-पालटून येतात. रॉकेट अगदी आडवं न फिरता थोडं तिरकं डोलत फिरत असेल तर असं होतं. तेव्हा ५ ही सरासरी लिहू नका. ४.२ आणि ५.८ असे दोन्ही लिहा, आणि पूर्ण फेरी १० सेकंदांची असं नोंदवा.

तीच बॉडी होती का

एसएल-१६ ची गंमत म्हणजे नाव एक, कक्षा जवळजवळ एकसारख्या आणि वस्तू अनेक. नुसतं "एसएल-१६ दिसला" हे नोंदीला पुरत नाही, कक्षेतल्या प्रत्येक वस्तूला यादीत मिळालेला पाच आकडी कॅटलॉग क्रमांक हवा. याच कॅटलॉगमध्ये पहिला क्रमांक एका रॉकेट बॉडीचा आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये लोकांनी नुसत्या डोळ्यांनी जो "स्पुटनिक" पाहिला, तो बहुतेकांच्या बाबतीत त्याच्या रॉकेटचा मुख्य टप्पा होता. ५८ सेंटिमीटरचा गोळा फारच फिका होता आणि कॅटलॉगमध्येही तो दुसऱ्या क्रमांकावर आहे. तो टप्पा १ डिसेंबर १९५७ ला वातावरणात जळून गेला. अमेरिकेत फ्रेड व्हिपल यांनी १९५६ मध्ये उभ्या केलेल्या मूनवॉच मोहिमेतल्या हौशी निरीक्षकांनी याच वस्तूंच्या वेळा टिपल्या. आपण करतो ते काम उपग्रहांच्या पहिल्या दिवसापासून चालत आलेलं आहे.

ओळख पटवायला सोपा उपाय म्हणजे दोन ठळक ताऱ्यांमधून बॉडी जाते ती वेळ टिपणं. "७ वाजून १२ मिनिटं ३० सेकंद, ब्रह्महृदय आणि रोहिणी यांच्या मधोमध" अशी एकच नोंद शंभर शंका मिटवते. ८४० किलोमीटरवरची वस्तू डोक्यावर असताना सेकंदाला साधारण अर्धा अंश सरकते, म्हणजे एका मिनिटाची गफलत ३० अंशांची होते. भाकीत ताजं असेल तर वेळ काही सेकंदांत जुळायला हवी. हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर किंवा सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळाच्या कक्षामाहितीवरून पास (बॉडी तुमच्या आकाशातून जाण्याची वेळ आणि वाट) काढताना ती माहिती किती दिवस जुनी आहे हे बघा. ८४० किलोमीटरवर आठवडाभर जुनी माहिती चालून जाते. पृथ्वीजवळचं टोक वातावरणाला घासणाऱ्या लंबवर्तुळाकार कक्षेत ती एका दिवसात शिळी होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात २ एप्रिल २०२२ च्या रात्री धातूची मोठी कडी पडली, ती चीनच्या लाँग मार्च-३बी च्या अशाच कक्षेतल्या टप्प्याची. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं ते रॉकेट वर्षभरानंतर विदर्भाच्या आकाशात जळत खाली आलं.

विमानाचा चकवा लगेच कळतो. बायनॉक्युलरमधून लाल-हिरवे दिवे दिसतात, आणि विमान पृथ्वीच्या छायेत शिरून विझत नाही.

तारखेचा साडेपाच तासांचा घोळ

आंतरराष्ट्रीय नोंदी यूटीसी वेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, होतात. १२ जानेवारीला पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी पाहिलेला पास यूटीसीत ११ जानेवारीचा, २३ वाजून ४० मिनिटांचा असतो. पहाटे साडेपाचच्या आधीचं प्रत्येक निरीक्षण आदल्या तारखेला जातं. हा घोळ झाला की तुमचा आकडा दुसऱ्याच पासच्या खात्यात बसतो आणि आवर्तनकाळाचा आलेख विनाकारण तुटतो.

आकाशातला खरा फरक

मोजणी, ओळख आणि तारीख हे सगळं तपासूनही १० च्या जागी कधी ९.९ आणि कधी १०.१ येत असेल, तर आता दुभाजकाकडे वळा. पास चालू असताना रॉकेट क्षितिजाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं, त्यामुळे रॉकेटवरून पाहिलं तर तुमची दिशा झपाट्याने फिरते. सूर्याची दिशा जवळजवळ तीच राहते, म्हणून दुभाजक तुमच्या दिशेच्या साधारण निम्मा फिरतो. चांगल्या लांब पासमध्ये हे फिरणं ६० अंशांच्या घरात जाऊ शकतं.

६० अंश म्हणजे फेरीचा सहावा भाग. फेरीत दोन फ्लॅश, म्हणजे पूर्ण पासमध्ये एका अंतराचा तिसरा हिस्सा वाढतो किंवा घटतो. अंतर १० सेकंदांचं आणि मोजणी ४०० सेकंदांची असेल, तर ३.३ सेकंद चाळीस अंतरांत वाटले जातात. प्रत्येकी ०.०८. हाच तो ९.९ आणि १०.१ चा खेळ. अंतर १ सेकंदाचं असेल तर हा फरक हाताला कळणारच नाही. पण अंतर ६० सेकंदांचं असेल, तर त्याच ४०० सेकंदांत २० सेकंद जेमतेम सात अंतरांवर पडतात, आणि उत्तर ५७ किंवा ६३ येतं. संथ फिरणाऱ्या बॉडीचे आकडे लोक "खराब निरीक्षण" म्हणून टाकून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. निरीक्षण बहुतेक वेळा चोख असतं.

वाढणार की घटणार, हे रॉकेटच्या फिरण्याच्या दिशेवर ठरतं. दुभाजक रॉकेटच्या दिशेनेच सरकला तर रॉकेटला त्याला गाठायला जास्त वेळ लागतो आणि अंतर वाढतं. उलट सरकला तर घटतं. म्हणून संध्याकाळी उत्तरेकडे जाणारी बॉडी पुढे कधी पहाटे दक्षिणेकडे जाताना मिळाली, तर ती संधी सोडू नका. एकीकडे १०.१ आणि दुसरीकडे ९.९ आले, तर खरा काळ त्यांच्या मध्ये आहे आणि फिरण्याची दिशाही हाती लागली.

रविवारी फ्लॅश का आले नाहीत, तेही यातूनच कळतं. दुभाजक रॉकेटच्या फिरण्याच्या अक्षाजवळ आला की बाटली घड्याळाच्या काट्यासारखी फिरल्याची स्थिती येते. फ्लॅश पसरट होतात, मग विरतात, प्रकाश एकसारखा राहतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे अंतरं वेड्यासारखी बदलतात, कधी अर्ध्या आवर्तनाने पुढे-मागे उडी जाते. पासच्या सुरुवातीला स्पष्ट फ्लॅश, मधे दीड-दोन मिनिटं शांत आणि शेवटी पुन्हा स्पष्ट, असं दिसलं तर शांत होण्याची नेमकी वेळ आणि तेव्हाची ताऱ्यांमधली जागा आवर्जून टिपा. त्या क्षणी तुम्हाला रॉकेटचा अक्ष कुठे रोखलेला आहे हे जवळपास समजलेलं असतं. स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हाती याहून मोठं काही लागत नाही.

(फ्लॅश एकाएकी बंद झाले आणि बॉडी पुन्हा दिसलीच नाही, तर ती छायेत गेली. महाराष्ट्राच्या अक्षांशावर ८४० किलोमीटरवरची वस्तू डोक्यावर असताना सूर्यास्तानंतर दोन तासांच्या आसपासपर्यंतच उजळलेली मिळते, ४०० किलोमीटरवरची दीड तासाच्या आसपास.)

रॉकेट खरंच बदलतं तेव्हा

वरचं सगळं वजा केल्यावर जे उरतं, ते रॉकेटचं स्वतःचं. ॲल्युमिनियमची भली मोठी नळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरते, तेव्हा तिच्या पत्र्यात विजेचे भोवरा प्रवाह तयार होतात, ऊर्जा उष्णतेत जाते आणि फिरणं मंदावतं. त्यामुळे अंतर महिन्यांमागून महिने वाढत जातं, आणि वाढीचा दर चक्रवाढ व्याजासारखा असतो. लॉगरिदमच्या कागदावर आलेख काढला तर सरळ रेघ येते. बेल्जियममधल्या हौशी निरीक्षकांच्या गटाने पीपीएएस नावाच्या साठ्यात अशा नोंदी वर्षानुवर्षं जमवल्या आणि त्यांत असे आलेख स्पष्ट दिसतात. रेघ मोडून अंतर एकदम कमी झालं, तर रॉकेट वेगाने फिरू लागलं. बऱ्याचदा टाकीतून काहीतरी गळत असतं. अशी नोंद लगेच दुसऱ्या निरीक्षकाकडून पडताळून घ्या. उरलेल्या इंधनाने काय होतं याचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी३ चा चौथा टप्पा त्याच वर्षी १९ डिसेंबरला कक्षेत फुटला आणि त्याचे शेकडो तुकडे झाले.

अशा टप्प्यांना पकडून खाली आणण्याची तयारी आता सुरू आहे. जपानच्या ॲस्ट्रोस्केल कंपनीचं एड्रास-जे यान फेब्रुवारी २०२४ मध्ये उडालं आणि २००९ पासून कक्षेत पडून असलेल्या एच-२ए रॉकेटच्या ११ मीटर लांबीच्या टप्प्याजवळ जाऊन त्याने फोटो घेतले. पकडायला जाणाऱ्या यानाला समोरची वस्तू किती वेगाने आणि कुठल्या अक्षाभोवती फिरते हे आधी माहीत असावं लागतं.

एका ओळीत काय लिहायचं

पीपीएएसच्या नोंदीची पद्धत अजूनही उत्तम आहे. वस्तूचा क्रमांक, यूटीसी तारीख आणि मोजणी संपल्याची वेळ, निरीक्षकाची आद्याक्षरं, एकूण सेकंद, त्यातली चूक किती असेल याचा अंदाज, किती अंतरं मोजली, आणि भागाकार. त्याखाली शेरा. मी यात एकच भर घालीन. प्रत्येक फ्लॅशची सुटी वेळ जपून ठेवा, आणि पासच्या पहिल्या अर्ध्याचा व दुसऱ्या अर्ध्याचा आवर्तनकाळ वेगवेगळा काढा. फरक कसाही वर-खाली होत असेल तर हात तपासा. दुप्पट-निम्मा असेल तर सुटलेले फ्लॅश शोधा. एकाच पासमध्ये सावकाश एका बाजूला सरकत असेल तर दुभाजक. आणि अंतर एका पासमध्ये सारखंच राहून आठवड्यांमागून आठवडे एकाच दिशेने बदलत असेल, तर रॉकेट.

दोन गावांतल्या दोघांनी एकच पास धरला तर हे सगळं कितीतरी लवकर सुटतं. ८४० किलोमीटरवरची बॉडी पुणे आणि नागपूर दोन्हीकडून एकाच वेळी दिसते, पण दोघांचे दुभाजक वेगळे असतात. त्यामुळे फ्लॅशच्या वेळाही थोड्या वेगळ्या येतात आणि त्या फरकातून अक्षाची दिशा काढता येते. दोघांचे फोन नेटवर्कच्या वेळेवर असावेत, आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाने घड्याळ बघून वेळ मोठ्याने बोलावी. ऑक्टोबरमध्ये आकाश निवळलं की सुरुवातीला ५ ते १५ सेकंदांच्या अंतराने फ्लॅश देणारी एखादी एसएल-८ निवडा. तिच्यात मोजायला पुरेसे फ्लॅश मिळतात आणि दुभाजकाचा परिणामही हाताला जाणवतो.